वरची श्रेणी

ऋषिराजच्या नावाची न्यायाधिकरणाची नोटीस मिरजेजवळच्या माती संशोधन केंद्रात आली, तेव्हा संयोगिता आणि रविराज मागच्या शेडमध्ये मातीचे नमुने वाळत घालत होते. पत्रा तापला होता. जत भागातल्या चुनखडीच्या रानातली माती ट्रेमध्ये पसरता पसरता दोघं खारवटपणाच्या आकड्यांवर हुज्जत घालत होते. अशी हुज्जत त्यांच्यात गेली पंधरा-सोळा वर्षं चालत आली होती.

संयोगिता सातारा जिल्ह्यातली, कोरेगावकडची. घर ऊसवाल्यांचं आणि फौजेतल्यांचं. वडील, ज्यांना घरात आबा म्हणत, सुभेदार म्हणून परतलेले, धाकटा भाऊ तानाजी हवालदार म्हणून. ही मात्र पुस्तकांत रमली, डॉक्टरेट करून सरकारी शास्त्रज्ञ झाली. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. रविराज जत तालुक्यातल्या धनगराच्या घरातला. त्याचे वडील, धुळा, अजून मेंढरं राखायचे. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागली, एकाच श्रेणीत, आणि त्याच श्रेणीत दोघांचेही केस पांढरे व्हायला लागले.

वरच्या श्रेणीसाठी तीनदा मुलाखती झाल्या आणि तिन्ही वेळा दोघांना डावललं. तिसऱ्या यादीत नाव आलं ते ऋषिराजचं. तो त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेला, संचालकांच्या हाताखाली शिकलेला. माहितीच्या अधिकारात कागद मागवले तेव्हा कळलं, संचालकांनी दोघांचे वार्षिक शेरे 'उत्कृष्ट'वरून 'साधारण' केले होते, तेही त्यांना एका शब्दानं न कळवता. मग दोघं मुंबईला न्यायाधिकरणात गेली. यादी रद्द करा म्हणायचं तर यादीतल्या माणसालाही प्रतिवादी करावं लागतं, असं वकील म्हणाले. संयोगितानं तेव्हा विचारलं होतं, "त्या पोराला मधे न घेता नाही का चालणार?" नाही चालणार, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पोरगा वाईट नव्हता. माधवनगरचा. बाप कापडगिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर रखवालदारी करून त्यानं याला शिकवलं. श्रेणी मिळाली तेव्हा गल्लीच्या तोंडाला याच्या फोटोचा एवढा मोठा फलक लागला होता. बाप त्या फलकाखाली खुर्ची टाकून बसायचा.

ऋषिराज नोटिशीचा कागद हातात धरून शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"सर, हे काय आहे?"

रविराजनं हातातली माती झटकली. "बस आधी. पाणी घे."

"पाणी नको. माझं नाव कशाला घातलं यात? मी काय केलं तुमचं?"

"तू काही केलं नाहीस," संयोगिता म्हणाली. "भांडण शेऱ्यांचं आहे. यादी चुकीच्या शेऱ्यांवर झाली, म्हणून—"

"यादी रद्द म्हणजे मी रद्द! सरळ सांगा ना मॅडम." त्याचा आवाज चिरकला. "माझा बाप आज सगळ्या गल्लीत मान वर करून फिरतोय. उद्या त्याला मी काय सांगू? पोरगं खालच्या पायरीवर आलं म्हणून?"

"आम्ही सोळा वर्षं त्याच पायरीवर आहोत रे," रविराज शांतपणे म्हणाला. "कुणी मेलं नाही."

त्याला टोचायचं नव्हतं. तो होताच असा, घरच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा. पण ऋषिराजला ते थट्टा केल्यासारखं लागलं. त्यानं फाडकन रविराजच्या तोंडात मारली. चष्मा उडून ट्रेमध्ये पडला. रविराजनं दोन्ही हात पुढं केले, मारायला नव्हे, थांबवायला. ऋषिराजनं त्याला छातीवर ढकललं. रविराज भिंतीवर आपटला आणि भिंतीला टेकवून ठेवलेली अवजारं खणखणत खाली आली. त्यात माती काढायचं लोखंडी गिरमिट होतं, कमरेएवढ्या लांबीचं, टोकाला पीळ दिलेलं पातं. ऋषिराजनं ते कधी उचललं हे संयोगिताला दिसलंच नाही. तिला दिसलं ते खाली येताना.

पहिला घाव खांद्यावर बसला. रविराज गुडघ्यावर आला. संयोगितानं मागून ऋषिराजच्या कमरेला मिठी मारली. त्यानं कोपर मागं हाणलं. ती नमुन्यांच्या मांडणीवर जाऊन पडली, हनुवटी लोखंडी कडेवर फाटली आणि तोंडात रक्ताची चव आली. ती उठायच्या आत दुसरा घाव पडला होता. रविराजनं तो चुकवायला मान वळवली आणि पात्याचा पीळ त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

माणूस असा ओरडू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

शेडवर काम करणाऱ्या साळूबाई धावत आल्या, त्यांच्यामागं दोन मजूर. ऋषिराजच्या हातातलं गिरमिट त्यांना काढून घ्यावं लागलंच नाही. ते त्यानं आपणच टाकलं होतं. तो तिथंच फतकल मारून बसला होता आणि "सर, सर, सर" म्हणत होता. रविराज पालथा पडून तळव्यानं डोळा दाबत होता. बोटांतून वाहणारं रक्त जतच्या पांढऱ्या मातीत जिरत होतं.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा काढला. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

धुळाआबा गावाहून आले ते थेट खाटेपाशी जाऊन उभे राहिले. पोराच्या पट्टीकडं बराच वेळ बघितलं. मग संयोगिताच्या टाके घातलेल्या हनुवटीकडं.

"बाय, तुमालाबी मारलं व्हय?"

"मला फार नाही लागलं."

"काय मागितलं हुतं तुमी दोघांनी?"

ती सांगायला लागली. श्रेणी म्हणजे काय, शेरे म्हणजे काय. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकवेना.

संध्याकाळी संचालक आले, फळांची पिशवी घेऊन. खुर्चीवर बसले, उसासा टाकला. घडलं ते वाईट घडलं, म्हणाले. पोलिसांना त्यांनी झटापट झाली, मांडणी अंगावर पडली, असं सांगितलं होतं. संस्थेची अब्रू चव्हाट्यावर कशाला आणायची? केस मागं घ्या, पुढच्या वर्षी दोघांचंही करून देतो. ऋषिराजला तूर्त निलंबित केलंय, पोरगं पुरतं खचलंय.

रविराज औषधाच्या गुंगीत होता. धुळाआबा बोलले.

"सायेब, आमचं मेंढरू कुणी नेलं तर आमी बसून मिटवतो. ह्यो माझ्या पोराचा डोळा हाय. ती पिशवी घ्या आन् चला."

पण पोलिसांच्या कागदात झटापटच राहिली. संयोगितानं जबाबात गिरमिट सांगितलं, साळूबाईंनी सांगितलं. ठाण्यातल्या हवालदारानं मान डोलावत ऐकून घेतलं आणि प्रत्यक्षात लिहिलं 'कठीण वस्तू'. चार दिवसांत ऋषिराज जामिनावर बाहेर आला. तो सासुरवाडीला, कऱ्हाडच्या बाजूला जाऊन राहिला आहे, असं ऑफिसात कळलं.

त्या दिवशी रविराजची पट्टी पहिल्यांदा सोडली होती. डोळ्याच्या जागी शिवलेली, सुजलेली फट बघून संयोगिता दवाखान्याच्या जिन्यात येऊन बसली आणि तिनं तानाजीला फोन लावला. मोठी बहीण असून त्याच्यासमोर ती कधी रडली नव्हती. त्या दिवशी ती रडलीही नाही, तिच्या तोंडातून नुसतं विष आलं.

"भाईर आलाय तो, ताना. सासऱ्याच्या घरी जेवतोय बसून. ज्या हातानं मारलं ना, तो हातच तोडून टाकायला पाहिजे त्याचा."



"कुठलं गाव त्याच्या सासऱ्याचं?" तानाजीनं विचारलं.

तिनं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ती ऑफिसला निघत असताना त्याचा फोन आला. मागं डिझेल इंजिनाची धडधड ऐकू येत होती. "आक्का, आपल्या गुऱ्हाळावर ये. तुझा शास्त्रज्ञ हाय हितं. तुझ्या पाया पडल्याबिगर सोडत न्हाई त्याला."

"ताना, काय केलंस? सोड त्याला! ताना—"

फोन बंद झाला. परत लावला, उचलला नाही. वडिलांना लावला, आबा शेजारच्या गावाला गेले होते. पोलिसांना लावायला तिनं आकडे दाबले आणि दाबलेले पुसून टाकले. भाऊ होता तो. आपण वेळेत पोचू, असं स्वतःला सांगत तिनं गाडी काढली आणि मिरजेहून कोरेगावपर्यंत ती कशी चालवली, हे तिला नंतर कधी आठवलं नाही.

गुऱ्हाळ मळ्याच्या टोकाला होतं. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला आणि जाळ घालणाऱ्यांना तानाजीनं सुट्टी देऊन लावून दिलं होतं. चुलाण थंड होतं, पण ऊस पिळायचा चरक फिरत होता. ऊस नसताना रिकामा फिरणारा चरक वेगळाच आवाज करतो. लहानपणी तो आवाज आला की आबा ओरडायचे, पोरांनो लांब व्हा.

ऋषिराज चरकापाशी गुडघ्यावर होता. डावा हात मागं वळवून कमरेच्या पट्ट्याला दोरीनं आवळलेला. चेहरा ओळखू येत नव्हता. एक गाल फुगून डोळा मिटला होता, ओठ फाटून दात दिसत होते, शर्टावर ओकारी सांडलेली. तानाजीनं त्याचं उजवं मनगट धरलं होतं. तानाजीच्या अंगावर बनियन होता, आणि तो घामानं निथळत असला तरी त्याचा चेहरा अगदी थंड होता. तेच तिला जास्त भयंकर वाटलं.

"आली बघ आक्का. पड पाया."

"मॅडम," ऋषिराज म्हणाला. शब्द नीट उमटत नव्हते. "मॅडम, चुकलो. सरांचा डोळा... मी मुद्दाम न्हाई... मॅडम, माझ्या बायकोला, पूजाला दिवस गेलेत. मॅडम..."

"ताना, सोड त्याला."

"सोडतो. हात घेतो आन् सोडतो. तूच म्हणालीस न्हवं?"

"रागात म्हणाले मी! इंजिन बंद कर!"

"आक्का, तू शिकलेली हायस. तुला दया येती. म्हणून तर ह्यांनी तुला सोळा वरसं खाली दाबून ठेवली." तो अजूनही शांतपणे बोलत होता. "बॉर्डरवर आमी असली दया केली असती तर..." पुढचं त्यानं गिळलं. "बघू नगं. तोंड फिरीव."

ती इंजिनाकडं धावली. तानाजीनं ते बघितलं, आणि वेळ गेली असं त्याला वाटलं असावं. त्यानं ऋषिराजचं मनगट पुढं ओढून रुळांच्या तोंडाला लावलं. ऋषिराजनं मूठ आवळली होती. मुठीमुळं रूळ क्षणभर अडले, घसरले, आणि मग त्यांनी बोटं पकडली.

ती किंकाळी शेडमधल्या किंकाळीसारखी नव्हती. ती सुरू झाली आणि मधेच तुटली, कारण ऋषिराजचा श्वासच संपला.

इंजिन पुढं होतं, पण संयोगिताच्या वाटेत चुलाणाची पहार होती. ती तिनं कधी उचलली, का उचलली, हे पोलिसांनी नंतर पुन्हा पुन्हा विचारलं. तिला एवढंच माहीत होतं की तानाजी अजून ढकलत होता. तिनं सगळं बळ लावून पहार भावाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. तानाजी वळला. त्याच्या तोंडावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग दुसऱ्या हातानं त्यानं तिचे केस धरले आणि तिला खाली आपटलं. हनुवटीचे टाके उसवले. तिनं पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर पहार मारली, आणि तो कोसळला तशी रांगत जाऊन इंजिनाची डिझेलची दांडी ओढली. या घरातलं प्रत्येक पोर चालायच्या आधी ती दांडी शिकायचं.

चरक थांबला. ऋषिराजचा हात तळव्याच्या मधापर्यंत आत होता.

तिनं पट्टा हातानं उलटा ओढून रूळ मागं फिरवले. पुष्कळ वेळ लागला. जे बाहेर आलं त्याच्याकडं तिनं फक्त बांधण्यापुरतं बघितलं. ओढणी मनगटाला आवळली, वरून आणखी एक गाठ मारली आणि त्याला बगलेत धरून गाडीकडं ओढत नेलं. तानाजी जमिनीवर बसून मोडका खांदा धरून बघत होता.

"आक्का," तो म्हणाला. "तू मला मारलंस?"

तिनं ऋषिराजला मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडीचं दार लावलं.

साताऱ्याच्या वाटेवर ऋषिराज शुद्धीत येत होता आणि जात होता. एकदा त्यानं डोळा उघडून विचारलं, "मॅडम, माझी श्रेणी जाईल का हो?" तिनं गाडी थांबवली नाही, पण तिच्या घशातून एक हुंदका असा आला की तो हसण्यासारखा वाटावा.

चार बोटं आणि निम्मा तळवा गेला. अंगठा राहिला.

पुढं आठवडाभर कोरेगावच्या घरी सोप्यावर माणसं बसली. ऋषिराजचे सासरे, त्याचा बाप, गावचे दोन जाणते आणि मधे आबा. तानाजी खांद्याला पट्टी बांधून आतल्या खोलीत पडून होता. ऋषिराजनं दवाखान्यात पोलिसांना सांगितलं होतं की गुऱ्हाळ बघायला गेलो, हात अडकला. आणि तडजोड अशी ठरत होती की हाताचं तसंच राहू दे आणि डोळ्याचंही झटापटीत लागलं एवढंच राहू दे. दोन्ही घरांची पोरं वाचतात.

"लेकी," आबा म्हणाले, "फक्त तू आन् तुझा तो रविराज. तुमी दोघं गप बसला की झालं."

"रविराजला विचारलं का कुणी?"

"तू सांगितलंस तर ऐकंल तो."

तिनं कोपऱ्यात बसलेल्या ऋषिराजच्या बापाकडं बघितलं. म्हातारा जमिनीकडं बघत होता. कुणाचाच राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, नुसती दमणूक होती.

वकिलांनी फोनवर तिला स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही भावाला जे बोललात ते पोलिसांपुढं आलं तर चिथावणीचा गुन्हा तुमच्यावरही लागेल. गुन्हा चालू असेपर्यंत वरच्या श्रेणीचं विसरा. निकाल तुमच्या बाजूनं लागतोय मॅडम, आत्ता तोंड उघडू नका.

दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला पोलिसांकडं गेली आणि सगळं सांगितलं. गिरमिट, चरक, पहार, आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून तिनं भावाला काय म्हटलं तेही. लिहून घेणारी महिला फौजदार तरुण होती. मधेच तिनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे शेवटचं वाक्य लिहू का? विचार करा."

"लिहा," संयोगिता म्हणाली. "तो काही वेडा नव्हता. मी सांगितलं आणि त्यानं केलं."

संध्याकाळी तानाजीला घरातून नेलं. संयोगिता अंगणात पोचली तेव्हा आबा दारातच उभे होते, हातात काठी. त्यांनी पहिली काठी तिच्या दंडावर मारली, दुसरी पाठीवर. ती हलली नाही. तिसरीला त्यांचाच तोल गेला आणि ते चौकट धरून उभे राहिले.

"शत्रूनं घेतला असता पोरगा तर छाती फुगवून फिरलो असतो मी," ते धापा टाकत म्हणाले. "भणीनं आत घातला. जा. हितं तुजं कुणी न्हाई."

न्यायाधिकरणाचा निकाल उन्हाळ्यात लागला. न कळवता खाली आणलेले शेरे बेकायदा ठरले, यादी रद्द झाली, संचालकांवर ताशेरे ओढले आणि नवी समिती नेमायला सांगितली. समितीसमोर दोघं गेली. रविराज काचेचा डोळा लावून आला होता आणि जिना चढताना त्यानं तिचा दंड धरला, कारण पायऱ्यांचा अंदाज त्याला अजून येत नव्हता. त्याला श्रेणी मिळाली, मागच्या तारखेपासून. तिचा निकाल गुन्ह्याचा फैसला होईपर्यंत राखून ठेवला गेला. ऋषिराजला बोलावणंच आलं नव्हतं. दोन्ही खटल्यांत तो होता, एकात आरोपी, एकात जखमी साक्षीदार, आणि डाव्या हातानं सही करायला शिकत होता.

"संयोगिता, मी ही श्रेणी घेऊ का?" रविराजनं आदेश हातात घेऊन विचारलं. "मला लाज वाटते."

"घे," ती म्हणाली. "तू काही केलं नाहीस."

पावसाच्या तोंडाला ती पहिल्यांदा तानाजीला तुरुंगात भेटायला गेली. तो येणार नाही असं तिला वाटलं होतं. तो आला. दाढी वाढलेली, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. जाळीपलीकडं बसला आणि तिच्या हनुवटीवरच्या वेड्यावाकड्या व्रणाकडं बघत राहिला.

"हात वर जातो का?" तिनं विचारलं.

"कानापातूर. फुडं न्हाई."

"दुखतं?"

"राती दुखतं." मग त्यानं विचारलं, "तुझी बढती?"

"थांबलीय."

"वकील म्हणला मला. तू ते सांगितलं नसतंस तर मिळाली असती."

"हो."

"मग कशापायी सांगितलंस, आक्का? मी एकटा गेलो असतो आत. माझं काय, मला सवय हाय बंद ऱ्हायची."

 उत्तर तिनं येताना गाडीत जुळवलं होतं, चांगलं जुळवलं होतं, पण त्याच्यासमोर ते खोटं वाटलं.

"मला तुझ्यासमोर येऊन बसायचं होतं," ती म्हणाली. "न सांगता बसता आलं नसतं."

तानाजीनं मान खाली घातली. त्याचा उजवा हात मोडक्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला. शिपायानं वेळ झाल्याची खूण केली.

"आबा कसं हायत?"

"मला दार उघडत नाहीत. शेजारचे सांगतात, जेवतात नीट."

"उसाची आडसाली लागण केली का?"

"रान तयार केलंय. बेणं मिळंना झालंय."

"कृष्णाकाठच्या मळ्यातलं आणायला सांग," तो उठता उठता म्हणाला. "आन् इंजिनाचा पट्टा काढून ठेवायला सांग कुणालातरी. पोरं खेळत्यात तिथं."

तो आत गेला. ती बाहेर येऊन गाडीत बसली. मग आबांच्या शेजाऱ्यांना फोन लावला, आणि पट्ट्याचं सांगितलं.